सगुणा, तुझ्या नावातला स

सगुणा, तुझी तेरवी झाली. पंगत उठली, लोक वडे-भात जेवून हात धुवायले गेले, आणि त्याच मांडवात मी भांडण केलं. पहिले हेच सांगून टाकतो, म्हणजे तुझा राग पहिलेच होऊन जाईल. तू होतीस तोवर माझा हात धरून ठेवलास. आता धरणारं कोणी नाई.

आरमोरीच्या वाचनालयातली पोरं हातानं लिहून एक मासिक काढतात. त्यातला एक जण म्हणाला, "बाबाजी, आजीबद्दल चार चांगल्या गोष्टी लिहून द्या." मी म्हटलं, देतो. पण चांगल्या गोष्टी तुझ्या असतील, वाईट माझ्या. तू माफ करणारी होतीस. मी नाई. तेव्हा हे जसं येईल तसं तुलेच लिहितो, त्यांनी उतरवून घ्यायचं तर घ्यावं.

आपण कोसा पाळणारी माणसं. ऐनाच्या झाडावर अळ्या सोडायच्या, कावळ्या-चिमण्यांपासून राखायच्या, कोसा झाला की तोडून शेठले द्यायचा. शेठले पाहिजे बंद कोसा. अळीचं झालेलं आतलं पाखरू उकळत्या पाण्यात मेलं पाहिजे, तेव्हा रेशमाचा धागा अखंड निघतो. बियाण्यासाठी ठेवलेल्या कोशातून पाखरू भोक पाडून बाहेर येते, आणि तो कोसा शेठच्या लेखी फुकट. आपल्या घरी फुटक्या कोशांची टोपलीच्या टोपली पडून राहायची. मी म्हणायचो चुलीत घाल. तू म्हणायचीस, "राहू द्या, पडून काय खाऊन राह्यले तुमचं?"

तुले एक खोड होती. कोणी काही उगाच केलेलं दिसलं की तुझे पाय थांबायचे. उगाच म्हणजे कोणी सांगितलं नाई, कोणी मागितलं नाई, बाजारात विकायचं नाई, तरी केलं. आपल्या पोरीले, शेवंताले, धानोऱ्याकडे सासरी पोचवायले निघालो तेव्हाची गोष्ट आठव. रस्त्यातल्या एका जंगलगावात एका गोंड बुढ्यानं आपल्या दाराच्या दोन्ही खांबांवर पाखरं कोरली होती. खालपासून वरपर्यंत पाखरंच पाखरं, एकासारखं दुसरं नाई. पोरीले उशीर होत होता, बैल ताटकळले होते, आणि तू त्या खांबाशी उभी.

"बाबा, कोनी सांगतलं हे करायले?"

बुढ्यानं तंबाखू थुंकला आणि म्हणाला, "लाकूड रिकामं होतं. मी बी रिकामा होतो."

तू अशी हसलीस की त्याची बुढी बाहेर आली पाहायले. पुढे गाडीत सारा रस्ता तू तेच म्हणत बसलीस, लाकूड रिकामं होतं, मी बी रिकामा होतो. शेवंता रडत होती सासरी जाताना आणि तू हसत होतीस. पोरगी अजून ते मले बोलून दाखवते.

दुसरी गोष्ट मिशनच्या दवाखान्यातली. शेवंताच्या पोराले ताप आला म्हणून तू त्याले घेऊन गेली होतीस. तिथली गोरी नर्सबाई सुई टोचायच्या आधी बोटात लोकरीची टोपी घालायची. टोपीले डोळे, टोपीले नाक. बोट बोलायचं, पोट्टं पाहत राहायचं, सुई टोचून व्हायची. तू पोराले विसरलीस आणि त्या बोटाले धरलंस. तिचं मराठी मोडकं, तुझं झाडीपट्टीतलं. तरी तुमचं जमलं. तिची आई तिकडे बर्फाच्या देशात राहते, नाव मले बोलता येत नाई. हिवाळ्यात रस्ते बंद होतात तेव्हा गायीच्या गोठ्यात शेजारणींना बसवून बुढी बोटांचं नाटक करते.

"कोनासाठी करते?" तू विचारलंस.

"कोणासाठी नाही," नर्सबाई म्हणाली. "करते."

घरी आलीस ती नातवाचा ताप सांगायच्या आधी हेच सांगितलंस. "शेवंताचे बाप, तिकडंबी हायेत माह्यासारख्या रिकामटेकड्या बाया!" जसं काही हरवलेली बहीण सापडली. त्या बुढीले तू कधी पाहिलं नाईस, ती तुले पाहणार नव्हती. पण दुसऱ्या दिवशी तू फुटक्या कोशांची टोपली ओट्यावर ओतलीस, एक कोसा उचलून पाखराच्या भोकात बोट घातलंस आणि माझ्या तोंडासमोर आणून त्या कोशानं मले रामराम घातला.

मग काय, कोशाले काजळाचे डोळे आले, कुंकवाचं तोंड आलं. बैलाच्या शेपटीचे केस कापून शेठले मिशा लावल्या. बैलानं लाथ मारली ती मले. खाट उभी केली, तिच्यावर जुनं लुगडं टाकलं, मागे तू, शेजारची राधाबाई आणि गल्लीतल्या दोन-तीन बाया. गावच्या दंडारीच्या खेळात बायांचं कामबी पुरुषच लुगडं नेसून करतात. बाईनं तोंड रंगवून लोकांपुढे उभं राहायची सोय नाई. राधाबाई माझ्या तोंडावर म्हणाली होती, "भाऊ, आमी कुठी उभ्या राह्यलो? आमी तं खाटेमागं बसलो. उभं तं बोट हाय." तिच्या जिभेपुढे पाटील टिकला नाई, मी काय टिकतो.

गोष्ट तुझीच. शेठ आणि पाखरू. शेठ पाखराले म्हणतो तू माझं नुकसान केलंस, पाखरू उत्तर देते. आपल्या अंगणात दुपारच्या वेळी बायका-पोरं दाटीवाटीनं बसायची. पारावरचे लोक आधी टोमणे मारत, "बोटाएवढे नट अन् गावाएवढा बाजार!" मग तेच कुंपणाशी येऊन उभे राहत, म्हशी शोधायले आल्याचं नाव करून.

शेठ म्हने, कोसा फुटला, मालाचा माह्या धागा तुटला.
पाखरू म्हने, फुटला म्हून तं जीव माह्या सुटला.

आणि शेवटी सगळ्या बोटं वर करून म्हणायच्या:

फुटका म्हून नोको म्हनू उना,
भोक नोहे, ह्या दाराच्या खुना,
असं सांगून गेली सगुना.

गाणाऱ्यानं शेवटी आपलं नाव गुंफायचं ही जुनी रीत. तुझं नाव तिथं असं बसलं होतं, जशी वखराले बसलेली लोखंडी पास. मी गाण्यातलं काही जाणत नाई, पण बसलेली वस्तू ओळखतो.

आता गुनाजीकडे येतो.

गुनाजी मास्तर म्हणजे मास्तर नव्हे, पेटी वाजवतो म्हणून मास्तर. पलीकडच्या गावचा, स्वतःची नाटक मंडळी चालवतो. आपल्या अंगणात येऊन बसला. तू त्याले गुळाचा चहा दिलास, सुपारी दिलीस. तो म्हणाला, "वा, बाई, वा. जरा पुन्हा म्हना." तू पुन्हा म्हटलंस. "अजून एक डाव." तू अजून म्हटलंस. भोळी! पाहुणा गाणं मागून राह्यला म्हणून तुझा चेहरा असा फुलला होता की मले तेव्हाच त्याले उठवायचं होतं, पण तुझ्या त्या तोंडाकडे पाहून बसलो. तो गेल्यावर मी म्हटलं, "ह्या मानसाची नजर बरी नाई." तू म्हणालीस, "तुमाले पेटी वाजवता येत नाई म्हून जळता."

दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली. त्याच्या मंडळीचा नवा खेळ होता, नाव 'कोसा'. आपण गाडी जुंपून गेलो. रंगवलेला पडदा, झगमग कपडे, पुठ्ठ्याचे पंख लावलेला दाढीवाला गडी पाखरू झालेला. शेठ तोच. पाखराचं उत्तर तेच. लोक टाळ्या पिटत होते आणि तू माझ्या बाजूले बसून ओठ हलवत होतीस, एकेक शब्द. शेवटी गुनाजी स्वतः पेटी सोडून पुढे आला, हात जोडले आणि म्हणाला:

असं सांगून गेला गुना.

एवढंच केलं त्यानं. 'गेली'चा 'गेला' केला आणि तुझ्या नावातला स गिळला. बाकी गाण्याले हात लावायची त्याले गरजच पडली नाई. तुझ्या नावाच्या मापाचं नाव त्याच्या बापानं त्याले देऊन ठेवलं होतं.

मी काठी घेऊन उठलो. तू धोतर धरलंस. "बसा खाली, शेवंताचे बाप. लोकं पाहून राह्यले."

परतताना गाडीत आपण भांडलो. ते भांडण आपलं कधी मिटलं नाई.

"एकच अक्षर तं घेतलं त्यानं," तू म्हणालीस.

"तुह्या नावातलं घेतलं."

"मंग काय झालं? बाकी पुरं म्हनलं. माह्यं पाखरू आपल्या कुंपनाभाईर कधी गेलं असतं काय? आता पोंभुर्ण्यापावतर जाईन."

"चोर तो चोर."

"तुमी त्याले मारसान, मंग लोकं म्हनतीन, सगुनाच्या गान्यानं डोकं फुटलं. असं नाव पाहिजे काय मले?"

मी बैल दामटले. पण राग गेला असं नाई. दर मंडईले आपण त्याच जागेवरून पुन्हा सुरू करायचो, कढी उतू जाईपर्यंत. तू दर वेळी म्हणायचीस, त्या बर्फातल्या बुढीनं काय माझ्याकडे नाव मागितलं? मी तिचं बोटांचं नाटक घेतलंच ना? मी म्हणायचो, तू तिचं बोट पाहिलंस, तिचं नाव नाई खोडलंस. तू नर्सबाईले भेटलीस की पहिले तिच्या आईची तब्येत विचारायचीस. आपल्या अंगणात खेळाच्या आधी त्या गोंड बुढ्याचं आणि त्या बुढीचं नाव तू घ्यायचीस, एकाचं गाव सांगून, दुसरीचं बर्फ सांगून. गुनाजीनं कधी तुझं गाव तरी सांगितलं?

तू म्हणालीस, "सोडा ना." मी सोडलं नाई. फक्त तोंड बंद ठेवलं.

आता तेरवीची गोष्ट.

गुनाजी आला. मी बोलावलं नव्हतं. दाराशी चपला काढल्या, तुझ्या फोटोले म्हणजे ज्या पाटावर हळद-कुंकू मांडलं होतं त्याले, कारण तुझा फोटो कधी निघालाच नाई, हात जोडले, डोळे पुसले. खोटं रडत होता असंबी म्हणत नाई. चोराले काय रडू येत नाई? जेवला. मग कोणीतरी म्हणालं, "मास्तर, ते कोशाचं होऊ द्या. बाईले लय आवडे." तुझ्याच अंगणात, जिथं खाट उभी राहायची तिथंच त्यानं पेटी मांडली.

मले वाटलं, आज तरी. आज तरी लाज वाटेल, आज तरी तुझं नाव येईल. देवाची शपथ, मी वाट पाहत होतो. आलं असतं तर मी त्याच्या पायाशी बसून रडलो असतो.

गायला चांगला. बायांच्या डोळ्यांले पदर लागले. उना म्हणाला, खुना म्हणाला, आणि मान हलवून, डोळे मिटून, लांब सूर लावून म्हणाला:

असं सांगून गेला गुना...

तेव्हा मले ऐकू आलं. इतक्या मंडया ऐकलं ते गाणं, कधी ऐकू आलं नव्हतं. आपल्या बोलीत गुन्ह्याले गुनाच म्हणतात ना? ठाण्यात नेतात तेव्हा शिपाई काय विचारतो? गुना काय केला रे! हा माणूस गावोगाव, भर लोकांत, सूर लावून आपला गुना सांगत फिरत होता आणि कोणी त्याले विचारलं नव्हतं.

मी जागेवरून म्हटलं, "कोनाचा गुना, मास्तर?"

त्याले समजलं नाई. हसला. "माह्या, भाऊ. माह्या नावाचा."

"तुह्याच ना? मंग पुरा सांग. कोनाचा गुना केला?"

आणि राधाबाई, जिच्या जिभेची मी सारी उमर धास्ती घेतली, ती पंगतीच्या शेणसड्यावर उभी राहून ओरडली, "सगुनाचा! सगुनाचा गुना!"

मग साऱ्या बाया. ज्यांनी बोटं घातली होती त्या, ज्यांनी कुंपणातून पाहिलं होतं त्या, पोरी, सुना. मी विचारायचो, "कोनाचा गुना?" आणि त्या म्हणायच्या, "सगुनाचा!" तेरवीच्या मांडवात हसू नये, पण लोक हसले. पाटील हसला. गुनाजीच्या मंडळीतला पुठ्ठ्याच्या पंखांचा गडी आला होता, तो तोंडावर उपरणं धरून हसला. गुनाजीनं पेटीचा भाता दाबला, तिनं शेवटचा एक सूर काढला, आणि तो उठला. मले वाटलं होतं त्याले पाहून माझं पोट भरेल. अर्धंच भरलं.

ही गोष्ट अंगणात राहणार होती काय? बाजाराच्या दिवशी आरमोरीत गुनाजी मिरच्या घ्यायले गेला तर टोपल्यांमागून पोट्टे ओरडले, कोनाचा गुना? भाजीवालीनं विचारलं, मास्तर, गुना काय केला? तू म्हणत होतीस ना, पाखरू पोंभुर्ण्यापावतर जाईल. आता हे जाईल.

काल सकाळी तो पुन्हा आला. एकटा, पेटीशिवाय. मी ओट्यावर होतो, शेवंता आत. त्याचं तोंड उतरलं होतं, आणि खरं सांगतो सगुणा, मले बरं वाटलं.

"भाऊ, चुकलं," तो म्हणाला. "पुढच्या खेळापासून बाईचं नाव घेतो. जसं होतं तसं म्हनतो. पडद्यावरबी लिहितो मोठ्या अक्षरात, गानं सगुनाबाईचं."

शेवंता दाराशी आली. तिचा चेहरा पाहून मले तुझा तो चेहरा आठवला, गाणं पुन्हा मागितल्यावरचा.

मी म्हटलं, "नाई."

"नाई म्हंजे?"

"बाईचं नाव तू घ्यायचं नाई. तुह्या तोंडात ते येऊ देनार नाई मी. तू गुना म्हनायचं. जसा म्हनत होता तसाच."

"मंग गानंच नाई म्हनत मी."

"म्हनशीन. तुह्या खेळात दुसरं हाय काय? लोकं तेच मागतीन. अन् जवा जवा म्हनशीन तवा तवा कोनी ना कोनी इचारीन. मी असन तं मी, नाई तं पोट्टे."

तो उभाच होता. पाणी मागितलं नाई, मी दिलंबी नाई. गेला.

मग शेवंता माझ्यावर तुटून पडली. "बाबा, पडद्यावर मायचं नाव लागत होतं! मोठ्या अक्षरात! साऱ्या मुलुखानं वाचलं असतं!" राधाबाई कुंपणावरूनच बोलली, "भाऊ, तुमी त्याले शिक्षा नाई देली, सगुनाले देली." मी दोघींना म्हटलं, तुम्ही म्हणा ना तिचं नाव, तुम्ही खाट उभी करा, तुम्हाले कोण अडवते? राधाबाई म्हणाली, "आमी म्हनूच. पन आमचा आवाज कुंपनापावतर जाते." तुझंच वाक्य. तुझ्याच आवाजात.

रात्रीपासून तेच डोक्यात आहे. इतकी वर्षं भांडलो आपण, पण एक गोष्ट मी तुले कधी विचारली नाई. नाव गेल्याचं दुःख तुले होतं काय? तू "सोडा" म्हणायचीस, ते खरंच सुटलं होतं म्हणून, की मी काठी उचलीन म्हणून? पडद्यावर मोठ्या अक्षरात आपलं नाव पाहायचं तुझ्या मनात होतं काय? तुले वाचता येत नव्हतं, पण आपलं नाव तेवढं ओळखू येत होतं. शेवंतानं चुन्यानं भिंतीवर लिहून दाखवलं होतं, तू त्याले पुसू दिलं नाईस.

तू सांगितलं असतंस तर मी काल होय म्हटलं असतं. मनाविरुद्ध म्हटलं असतं, दात चावून, पण म्हटलं असतं. आता सांगणारं कोणी नाई, तेव्हा माझ्या मनानं चाललो. शेवंता म्हणते अजून वेळ गेली नाई, मास्तरच्या घरी जाऊन या. मी म्हटलं, चुकलं असेल तर माझं चुकलं. पण गुनाजीच्या दारात मी जाणार नाई.

माफ करणं आपल्या घरात तुझं काम होतं, सगुणा. ते तू सोबत घेऊन गेलीस.